पालथं घाल म्हणाव

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळीभाबडी समजायला नको. मी एसटीत आहे. बारा वर्षं कंडक्टर होते आणि आता तेवढीच वर्षं झाली, मुखेडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसून माइकवर "नांदेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे" असं जी बाई सांगते ना, ती मी. आमचं घर बौद्ध. देवऋषी, उतारा, अंगात येणं, यातलं काही माझ्या बाबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही आणि मीही दिलेलं नाही. डेपोतल्या कुणी अमक्या वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते म्हटलं की मी विचारायची, तिकीट काढलं का तिनं? असं माझं तोंड.

तरी हे लिहायला बसले आहे. कारण गेले वर्षभर हे एकच कोडं डोक्यात घेऊन फिरून राहिले, आणि आपल्या इथल्या वाचकांत कुणीतरी हुशार माणूस असेल, तो मला सांगेल की ताई, तुमचं इथं चुकलं. खरंच कुणी सांगितलं तर मला बरंच वाटेल.

दोन माणसं आधी ओळखीची करून देते. एक माझी माय. नऊ वर्षांपूर्वी वारली. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली, पण मुखेड स्टँडच्या चौकशीचा लँडलाइन नंबर तिला तोंडपाठ होता. मोबाइलवर तिचा विश्वास नव्हता, "त्यात माणूस कुठं बसलंय ते कळत न्हाई" म्हणायची. गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथपर्यंत चालत जायची आणि मला स्टँडवर लावायची. दुकान चढावर. त्यामुळं फोन उचलला की पहिल्यांदा नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. दम घ्यायची, मग बोलायची. आणि माझं नाव घ्यायची नाही. मास्तरची मास्तरीण होते, तर कंट्रोलरची कंट्रोलरीण, हा तिचा हिशेब. "स्टँड का? कंट्रोलरीणबाई हाय का?" असं विचारायची. सगळा स्टाफ हसायचा. मला त्या वेळी लाज वाटायची, हे आता कबूल करते.

दुसरा मिलिंद, माझा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. नांदेडला एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. बायको रंजना, स्वभावानं गरीब. मिलिंदला बीपीची गोळी चालू होती, पण ती डबीतच जास्त चालू होती. मी फोनवर ओरडले की "घेतो की ताई" म्हणायचा.

मागच्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी प्रॅक्टिकलची मांडणी करता करता तो छाती धरून खाली बसला. जाड कापड टरकन् फाडावं तसं वाटलं, छातीपासून थेट पाठीपर्यंत, असं त्यानं नंतर सांगितलं. नांदेडच्या डॉक्टरांनी लगेच सीटी स्कॅन केला. हृदयातून निघणारी जी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, ती आतून फाटली होती. ऑपरेशन आजच, दर तासाला धोका वाढतोय म्हणाले. त्या दिवशी हे ऑपरेशन करणारी टीम लातूरला तयार होती, म्हणून ॲम्ब्युलन्स लातूरला निघाली. मी मुखेडहून निघाले. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर... त्या रस्त्यावर मी कंडक्टर म्हणून इतक्या फेऱ्या केल्यात की गतिरोधक मला पाठ आहेत. माझ्या गाडीत बसून मी मनात त्याची ॲम्ब्युलन्स एकेका गतिरोधकावरून पार करून राहिले होते.

ऑपरेशन सात तास चाललं. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, फाटलेला भाग काढला, त्या जागी कृत्रिम नळी बसवली, हृदय नीट चालतंय. रंजना तिथंच फरशीवर बसून रडली. मी नाही रडले. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, आयसीयूच्या डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघींना आत बोलावलं. तरुण बाई, डोळ्याखाली काळी वर्तुळं, पण बोलणं सरळ. म्हणाल्या, "हृदय साथ देतंय, फुप्फुसं देत नाहीत. अशा ऑपरेशननंतर काही पेशंटना हे होतं. व्हेंटिलेटरवर शंभर टक्के ऑक्सिजन देतोय, तरी रक्तात पोचत नाहीये." मॉनिटरवर एक निळा आकडा असतो, तो त्यांनी बोटानं दाखवला. चौऱ्याऐंशी. तुमच्या-आमच्या बोटाला लावलं तर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव येतो. "हा नव्वदच्या वर हवा. असाच राहिला तर मेंदू, किडनी, सगळ्यावर परिणाम होणार. माझ्या हातात फार वेळ नाही."

मग त्यांनी विचारलं, लहानपणी याला छातीचा काही आजार होता का? दमा, न्यूमोनिया? जुने कागद असतील तर द्या.

मला अंधूक आठवत होतं की मिलिंद तान्हा असताना नाजूक होता, नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं. पण कशासाठी, ते सांगायला ना माय होती ना बाबा. मिलिंदकडं पाहिलं. उताणा पडलेला, तोंडात नळी, छातीवर मधोमध पट्टी, औषधानं झोपवलेला. सहा वर्षांची असल्यापासून या पोराला मी कडेवर घेऊन फिरले. त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "मिल्या, मी हितंच हाय. न्हाई जाऊ देणार तुला." त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे, पण मी ते स्वतःला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हटलं.

बाहेर येऊन नातेवाइकांच्या हॉलमध्ये बसले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजून गेले होते. मोबाइल वाजला. स्टँडवरून शिवराजचा. हा शिवराज देगलूरकडचा, महिन्यापूर्वीच आमच्याकडं बदलून आलेला, माझ्या जागी ड्युटीला होता.

"मॅडम, भाऊ कसे आहेत?"

"तसाच आहे. बोल."

"ते... तुमच्या मायचा फोन आला होता स्टँडवर. तुम्हाला निरोप हाय."

मी म्हटलं, "कुणाचा?"

"तुमच्या मायचा. मी नाव विचारलं तर म्हणल्या, तिची माय बोलून राहिले. आधी बराच वेळ नुसता श्वासच ऐकू येत होता, मला वाटलं ब्लँक कॉल हाय, ठेवूनच देणार होतो. मग म्हणल्या, स्टँड का, कंट्रोलरीणबाई हाय का? मला आधी कळलंच न्हाई कोण पाहिजे ते. मग लक्षात आलं, तुम्हीच."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. तरी तोंड माझंच होतं. मी म्हटलं, "शिवराज, माझी माय जाऊन आठ वर्षं झाली. ही चेष्टा करायची वेळ हाय का?"

तो गडबडला. मग म्हणाला, "मॅडम, आईची आन. मला माहीत नव्हतं. मी रजिस्टरला लिहून ठेवलंय, अकरा चाळीसला."

"काय निरोप आहे?"

"खरखर लई होती लाइनला. एवढंच कळलं... पालथं घाल म्हणाव. दोनदा म्हणल्या. काय पालथं घाल विचारलं तर लाइन गेली."

मी फोन कट केला. पहिल्यांदा आला तो राग. कुणी केलं असेल, त्याचं नाव शोधून त्याला स्टँडवर उभा करीन, असं मनात ठरवलंसुद्धा. पण रागाच्या खालून ते दोन शब्द वर येऊन राहिले. घरात काही हरवलं, किल्ली, रेशनकार्ड, काहीही, की माय कमरेवर हात ठेवून म्हणायची, "घर पालथं घाल, मग म्हण सापडत न्हाई." आणि दहाच मिनिटांपूर्वी डॉक्टरांनी जुने कागद मागितले होते.

भुताचं ऐकलं म्हणून नव्हे, मला करण्यासारखं तेवढं एकच काम होतं म्हणून मी आमच्या मालकांना फोन लावला. त्यांचं शिलाईचं दुकान आहे. म्हटलं, "अहो, दुकान बंद करा. मायची पत्र्याची पेटी हाय ना, ती उघडा. मिलिंदच्या लहानपणीचे दवाखान्याचे कागद बघा. पेटीत न्हाई मिळाले तर सगळं घर पालथं घाला." फोनचं काही सांगितलं नाही.

तीन तास मी त्या हॉलमध्ये येरझारा घातल्या. रंजनाला बळंच चहा पाजला. ती एकच म्हणून राहिली, "ताई, ते वाचतील ना?" मी म्हटलं, "वाचणार." दुसरं उत्तर मी स्वतःलाही देत नव्हते.

तीनच्या सुमारास मालकांचा फोन आला. "कागद एकबी न्हाई सापडला. पेटी झाली, माळा झाला, कपाटं झाली. पेटीच्या तळाला वर्तमानपत्राखाली एक फोटो सापडला फक्त. पाठवलाय बघ."

फोटो उघडला. स्टुडिओतला जुना काळा-पांढरा फोटो. सतरंजीवर एक उघडंनागडं बाळ पालथं पडलंय, मान वर करून कॅमेऱ्याकडं बघतंय, तोंडातून लाळ गळतेय. मिलिंद. त्यापाठोपाठ फोटोच्या मागच्या बाजूचाही फोटो होता. बाबांचं अक्षर: चि. मिलिंद. पालथा पडला.

आणि मला सगळं आठवलं. आपल्याकडं बाळ पालथं पडलं की कौतुक असतं, फोटो काढतात. पण मिलिंद पडतच नव्हता. पोर सात महिन्यांचं झालं तरी उताणंच. श्वास घुरघुरायचा. बाया म्हणायच्या, ह्याचं काही खरं न्हाई. मायनं कुणाचं ऐकलं नाही. रानातून आली की रोज दुपारी वाकळ अंथरायची आणि त्याला स्वतःच्या हातानं पालथं घालायची. तो रडायचा, ती पाठीवर थापटायची. मी बाजूला बसलेली. मला म्हणायची, "तू शाळंतून आलीस की तूबी घालत जा पालथं. पालथं घातलं की छाती मोकळी होती बघ त्याची." मी घालायची. सहा वर्षांची मी, घालायची. आणि एक दिवस तो आपला आपण पडला. मायनं अख्ख्या गल्लीत गूळ वाटला.

पालथं घाल. घर नव्हे.

आता हे लक्षात घ्या, मला औषधातलं ओ का ठो कळत नाही. मोठ्या माणसाला, तेही छाती कापलेल्या, पालथं झोपवतात हे मी ऐकलेलंही नव्हतं. मी तो फोटो बघत नुसती बसले. डॉक्टरांना जाऊन काय सांगू, माझ्या मेलेल्या आईनं निरोप दिलाय? मी नसतेच गेले.

मला जावंच लागलं नाही. चारला डॉक्टर मॅडमनी पुन्हा दोघींना बोलावलं. निळा आकडा ब्याऐंशी झाला होता. त्यांनी कागदावर फुप्फुसांचं चित्र काढून सांगायला सुरुवात केली. "उताणं झोपल्यामुळे फुप्फुसांचा पाठीकडचा भाग दबलाय. तिथं हवा जातच नाहीये. आमच्याकडे एक उपाय आहे, पण या ऑपरेशननंतर करताना विचार करावा लागतो..." आणि थांबल्या. शब्द शोधत असाव्यात.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पालथं घालायचंय का त्याला?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही नर्स आहात का?"

"न्हाई मॅडम. बसस्टँडवर कंट्रोलर आहे."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "हो. तेच. सोळा तास पालथं ठेवायचं. सर्जनशी बोलले, ते तयार आहेत. पण जखम ताजी आहे. छातीचं हाड तारेनं बांधलंय, नळ्या आहेत. वळवताना काही झालं तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे तुमची संमती लागेल."

रंजना उठूनच उभी राहिली. एरवी नजर वर न करणारी बाई, पण म्हणाली, "न्हाई. कापलेल्या छातीवर पालथं? माझ्याच्यानं सही व्हायची न्हाई. ताई, तुम्ही सांगा यांना."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मोबाइल माझ्या मुठीत होता, त्यात तो फोटो. रंजनाला एवढं म्हटलं असतं की सासूबाईंचा निरोप आलाय, तर ती डोळे मिटून सही करून मोकळी झाली असती. मला पक्कं माहीत होतं. आणि म्हणूनच मी म्हटलं नाही. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन जिवंत माणसाकडून सही घ्यायची नाही, एवढं माझ्या बाबांनी मला शिकवलं होतं.

मी डॉक्टरांना विचारायला लागले, जसं घाटात गाडी सोडण्याआधी ड्रायव्हरला विचारतात तसं. वळवायला किती माणसं असणार? सहा. तोंडातली नळी कोण धरणार? "मी स्वतः. डोक्याशी मीच असते." छातीवर वजन पडू नये म्हणून काय करणार? खांद्याखाली आणि कमरेखाली उशा, छाती आणि पोट अधांतरी. मध्येच बिघडलं तर? "दोन मिनिटांत परत उताणं." सर्जन कुठं असतील? "बाजूला उभे." आणि नाही केलं तर?

त्या म्हणाल्या, "नाही केलं तर मला वाटत नाही ते उद्याची संध्याकाळ बघतील."

मी रंजनाचा हात धरला. म्हटलं, "ऐकलंस? दोन्हीकडं धोका हाय. पण एकीकडं सहा माणसं त्याला धरून उभी हायेत. दुसरीकडं कुणीच न्हाई." तिनं डोळे पुसून पेन घेतलं. मग सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की डॉक्टरांनी खाली नाव परत लिहून घेतलं.

दारातल्या काचेतून मला बघू दिलं. सहा जण भोवती, डॉक्टर मॅडम डोक्याशी. त्यांनी एक-दोन-तीन म्हटलं आणि माझा भाऊ वळला. एका दमात, चादरीसकट. निळा आकडा एकदम अठ्ठ्याहत्तरवर आला. रंजनानं तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. मनात म्हणून राहिले, चढ, चढ, चढ. ऐंशी झाला. ब्याऐंशी. तिथंच अडकला. डॉक्टरांनी खूण केली, थांबा, याला वेळ लागतो. तेव्हा काचेपलीकडं पालथा पडलेला, मान एका बाजूला वळवलेली, त्रेचाळीस वर्षांचा तो माणूस मला अगदी वाकळीवरचा मिल्या दिसला. तेव्हा मात्र मी रडले.

शुक्रवारी सकाळी सातला सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, त्र्याण्णव." मी म्हटलं, परत सांग. तिनं परत सांगितलं.

त्याला आणखी दोनदा पालथं घातलं. नवव्या दिवशी नळी निघाली. पहिला शब्द कसाबसा निघाला, "पाणी." दुसरा, "ताई, गोळी घेत जाईन." मी म्हटलं, "घेतोस कसा न्हाई ते बघते."

इथपर्यंत सगळं ठीक आहे. ऑक्सिजन का वाढला, याचं उत्तर डॉक्टरांकडं आहे आणि मला ते पटलेलं आहे. मिलिंदला डॉक्टरांनी वाचवलं, यात मला तिळमात्र शंका नाही. माझं कोडं वेगळं आहे.

मुखेडला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी रजिस्टर मागितलं. शिवराजचं अक्षर, अकरा चाळीस: "कंट्रोलरीणबाईंच्या आईचा फोन. पालथं घाल म्हणाव." माझ्या मोबाइलवर शिवराजचा कॉल अकरा एकोणपन्नासचा. म्हणजे फोनचा निरोप नंतर रचलेला नाही.

मी शिवराजला समोर बसवलं. तासभर उलटसुलट विचारलं. बिचारा रडकुंडीला आला, नंतर चिडला, "मॅडम, मी निरोप दिला हीच चूक झाली का माझी?" मग मी विचारलं, "फोन आला कुठल्या फोनवर?"

त्यानं टेबलाच्या कोपऱ्यातल्या जुन्या लँडलाइनकडं बोट दाखवलं. "ह्याच्यावर की."

मी उठले, तो फोन हातात घेतला आणि त्याची वायर ओढली. वायर अख्खी माझ्या हातात आली. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. तो फोन दोन वर्षांपासून बंद आहे. सगळी चौकशी मोबाइलवर होते म्हणून लाइन परत करून टाकलेली, अर्जावर मीच सही केली होती. भिंतीतला सॉकेटही रंगकामात बुजलाय. शिवराज नवीन, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ड्युटीवर फोन वाजला, त्यानं उचलला. त्याचा चेहरा तेव्हा जो पांढराफटक पडला ना, तो नाटक करून पाडता येत नाही. बारा वर्षं विनातिकीट माणसं पकडलीत मी, खोटं चेहऱ्यावर कसं दिसतं ते मला कळतं.

तरी मी सोडलं नाही. 'कंट्रोलरीणबाई' हा शब्द माहीत असलेले त्या वेळचे तिघं-चौघं, सगळे रिटायर. एकेकाला फोन करून विचारलं. दोघांना मिलिंद आजारी आहे हेच ठाऊक नव्हतं, बाकीच्यांनी साफ नाही म्हटलं. गावातलं ते किराणा दुकान बंद होऊन पाच वर्षं झाली. टेलिफोन ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला तो नंबर कुणालाच दिलेला नाही, आणि वायर नसलेला फोन वाजत नसतो ताई. हे मला माहीत होतं, तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

महिन्यानं मिलिंदला दाखवायला लातूरला गेले तेव्हा डॉक्टर मॅडमना विचारलं, "त्याला पालथं घालायचं तुमच्या मनात पहिल्यांदा कधी आलं?" त्यांनी फाइल चाळली. "साडेबाराला रक्ताचा रिपोर्ट आला, तो बघून. दोनला सर्जनशी बोलले. का हो?" मी म्हटलं, सहज. अकरा चाळीसला तो विचार त्यांच्याही डोक्यात नव्हता.

पालथं घाल हे आपल्याकडं शंभर अर्थानं म्हणतात, मान्य. योगायोग म्हणा, तोही मान्य करीन. पण मग तो वाजला कशावर? कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. मला सुचलेलं नाही, आणि भुताखेतांवर आजही माझा विश्वास नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसातलं जुनं सामान भंगारात काढायचं ठरलं. यादीत तो फोनही होता. मी साहेबांना म्हटलं, राहू द्या, कागदं उडू नयेत म्हणून ठेवायला कामाला येतो. ते हसले आणि राहू दिला.

आता रोज ड्युटीवर आले की मी पहिल्यांदा त्याच्यावरची धूळ पुसते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून रिसीव्हर उचलते आणि नेहमीच्या आवाजात म्हणते, "मुखेड बसस्थानक, चौकशी. बोला." पलीकडं काही नसतं. साधी खरखरही नसते. तरी मी लगेच ठेवत नाही, थोडा वेळ कानाला धरून उभी राहते. माय आधी दम घ्यायची, मग बोलायची.